मुलीच्या मामाला बोलवा

माझ्या बहिणीला सख्खा भाऊ एकच, आणि तो मी. खरं तर ही गोष्ट सांगायची वेळच येऊ नये. पण महागावात, जिथे तिचं सासर आहे, तिथे कुणालाही विचारा की या बाईचा भाऊ कोण, तर निम्मे लोक बसस्टँडजवळच्या बियाण्याच्या दुकानाकडे बोट दाखवतील. त्या दुकानाचा मालक उंच, धिप्पाड आणि टकला आहे. तो हसला की शेजारच्या दुकानातला माणूस काय झालं म्हणून बाहेर डोकावतो. मला तो आवडत नाही. आवडू नये असं त्यानं कधी काही केलेलं नाही, आणि तेच मला जास्त खुपतं.

तो मूळचा भाऊजींचा मित्र. त्यांच्या शेतासाठी बियाणं, खत, फवारणीचं औषध सगळं त्याच्याकडून यायचं. माझी भाची लहानपणी त्याला काका म्हणायची, आणि त्याला माझी काही हरकत नव्हती. काका कितीही असू शकतात. मग एका राखीपौर्णिमेला मला यवतमाळहून निघता आलं नाही. मी आयफोनची ॲप्स बनवणाऱ्या कंपनीत आहे. कंपनी पुण्यात, मी यवतमाळात घरी बसून काम करतो. त्या दिवशी आमचं नवं ॲप लोकांच्या हातात पडायचं होतं आणि मी जागचा हलू शकत नव्हतो. इकडे ताईनं ओवाळणीचं ताट करून ठेवलेलं. नेमका तेव्हाच हा गृहस्थ खताचं पोतं टाकायला घरी आला. ताईनं त्याला पाटावर बसवलं आणि राखी बांधून टाकली.

मला फोनवर म्हणाली, "ताट केलंच होतं. तसंच्या तसं आत कायले नेऊ?"

यात माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. पुढच्या वर्षी मी सकाळच्या पहिल्या गाडीनं गेलो, तर बैठकीत पाट दोन मांडलेले होते. तो आधीच येऊन बसला होता. मला बघून उठला, "या भाऊ, या," म्हणाला आणि पहिला पाट माझ्यासाठी सोडून दुसऱ्यावर सरकला. माझ्याच बहिणीच्या घरी मला जागा करून देत होता.

सरळ सांगतो, मी त्याच्यावर जळतो. लोक जळतात ते कुणाच्या बंगल्यावर, गाडीवर, पगारावर. मी एका माणसाच्या येण्याजाण्यावर जळतो. तो फोन न करता येतो. चपला दाराबाहेर काढतो, सरळ आत जातो, माठातलं पाणी स्वतः घेतो. मी गेलो की ताई नवी चादर टाकते आणि चहा कपबशीत आणते. चादरीची घडी मोडताना मला दरवेळी वाटतं, मी इथे पाहुणा आहे.

भाची मात्र माझी होती. म्हणजे निदान एका बाबतीत तरी. पुसदच्या कॉलेजात तिनं कॉम्प्युटर विषय घेतला तो माझ्यामुळे. माझा जुना लॅपटॉप मी तिला दिला आणि दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर तिला शिकवायला बसू लागलो. ती तल्लख होती, उलट प्रश्न विचारायची, आणि मला रविवारची वाट बघायची सवय लागली. त्या तासात आमच्यामध्ये बियाण्याचं दुकान नव्हतं. महागाव-पुसद गाडी चुकली की तिला सोडायला कोण जातं, दातात कळ आली तेव्हा डॉक्टरकडे कुणी नेलं, हे मला तिच्या बोलण्यातून कळायचंच. मी ते ऐकून पुढच्या धड्याकडे वळायचो. गाडी काय, कुणीही चालवतो.

शेवटच्या वर्षी तिला प्रोजेक्ट करायचा होता. मी तिला बरेच विषय सुचवले. तिनं निवडलं काय, तर त्या दुकानासाठी ॲप. शेतकऱ्यानं बियाण्याची मागणी नोंदवायची, ॲप पावती करणार, आणि माल दुकानात आला की त्या शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज जाणार. मी म्हटलं, विषय जरा छोटा आहे. ती म्हणाली, "पण कामाचा हाय न, मामा." दुकानदाराकडे कुठून तरी घेतलेला जुना आयफोन होता आणि तो तिच्या ॲपसाठीच घेतला असं तो गावभर सांगत होता.

ॲप कसं लिहितात ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. प्रोग्राममध्ये वेगवेगळी कामं करणारे वेगवेगळे क्लास असतात. त्यांना कामकरी समजा. एक पावती करतो, एक मेसेज पाठवतो, एक माल मोजतो. भाचीनं पावती करणारा क्लास लिहिला आणि मेसेज पाठवणाऱ्याला थेट त्याच्या आतच बांधून टाकलं. पावतीला दुसरा कुणी ठाऊकच नव्हता. पावती हलली की तो हलणार, आणि तो बंद पडला की पावती बंद. आमच्या धंद्यात याला घट्ट बांधणी म्हणतात आणि चांगले लोक ती टाळतात. ती तिनं कधी केली ते मला दिसलं नाही, कारण त्या रविवारी माझी मीटिंग होती.

पेरणी तोंडावर आली होती. सोयाबीनच्या एका वाणाला जोरदार मागणी होती आणि माल कुठेच नव्हता. अशात आमच्या भाचीबाई घरी बसून आपली पावती नीट होते का ते तपासत होत्या. शेतकऱ्यांची यादी दुकानातली खरी घेतली होती. ती बटण दाबायची, पावती व्हायची, ती खूश व्हायची, पुन्हा दाबायची. पावतीच्या पोटात खराखुरा मेसेज पाठवणारा बसला आहे, हे तिच्या लक्षातच आलं नाही. आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांना मेसेज गेले की आपलं बियाणं आलेलं आहे, पावती दाखवून घेऊन जावं. काहींना तर एकाच सकाळी पुन्हा पुन्हा गेले.

दुपारपर्यंत दुकानासमोर गर्दी. लोक मोटारसायकलींवर रिकामी पोती बांधून आले होते, कुणी भाड्याचा ऑटो करून. दुकानात सोयाबीनचा दाणा नव्हता.

भाचीनं रडत फोन केला तो मला. हे मी मुद्दाम सांगतो. तिला पहिली आठवण माझी झाली. मी तिला म्हटलं, रडू नकोस, लॅपटॉप उघड, कुठली ओळ आहे ते आपण बघू. ओळ लगेच सापडली. मी तिला ती खोडायला लावली आणि मेसेज थांबले. मला वाटलं, बाजी आपली.

पण दुकानासमोरची माणसं ओळ खोडून जाणार नव्हती. तिथे काय झालं ते ताईनं मला संध्याकाळी सांगितलं, आणि ज्या आवाजात सांगितलं तो मला अजून टोचतो. लोक तापले होते. एकजण म्हणत होता, माल दडवून ठेवला आहे. तेव्हा दुकानदार आतलं स्टूल बाहेर घेऊन त्यावर उभा राहिला आणि म्हणाला, "मेसेज माह्या भाचीनं पाठवला. शिकून राह्यली ते. चुकलं तर माहं चुकलं, तिले कोणी काही बोलाचं नाही. चहा घ्या, अन् माल आला की पयले तुम्हाले." मग समोरच्या टपरीवरून सगळ्यांना चहा. लोक हसायला लागले. त्यातले बरेचजण जाताना दुसरं काहीबाही घेऊनही गेले म्हणे.

मी ताईला विचारलं, "माह्या भाचीनं? असं म्हणाला?"

ती म्हणाली, हो, मग काय म्हणणार. मी फोन ठेवला. ओळ मी शोधली होती, मेसेज मी थांबवले होते, आणि भाची त्याची झाली होती.

पुढच्या रविवारी मी जीव ओतून शिकवलं. त्या दिवशी माझ्या शिकवण्यात ईर्ष्या किती आणि विद्या किती, ते देव जाणे. मी तिला प्रोटोकॉल समजावले. म्हटलं, पावतीनं मेसेजवाल्याला नावानं ओळखूच नये. पावतीनं फक्त एवढंच म्हणावं की मला निरोप पोचवणारा कुणीतरी हवा. निरोप पोचवणाऱ्यानं कोणकोणती कामं केली पाहिजेत हे एका करारात लिहून ठेवायचं. तो करार म्हणजे प्रोटोकॉल. मग ती कामं जो करून दाखवेल त्याला ती जागा मिळेल. आज मेसेजवाला, उद्या व्हॉट्सॲपवाला. आणि तपासणीच्या वेळी एक खोटा माणूस बसवायचा, जो सगळी कामं केल्यासारखं दाखवतो पण बाहेर कुणाला काही पाठवत नाही. तो खोटा आहे हे पावतीला कळतही नाही.

ती म्हणाली, "पण मामा, पाठवणारा एकच तर हाय. मग एवढं कायले वाढवाचं?"

तेव्हा मला तो दाखला सुचला. इतका फक्कड दाखला मला आयुष्यात दुसरा सुचलेला नाही, आणि त्याचा मला पुढे जितका त्रास झाला तितकाही दुसऱ्या कशाचा झालेला नाही. मी म्हटलं, लग्नात बघ. मुहूर्त झाला की लग्न लावणारे महाराज माइकवर काय म्हणतात? 'मुलीच्या मामाला बोलवा.' नाव घेतात का? गाव विचारतात का? महाराजांना मामा कोण ते ठाऊकही नसतं. त्यांना एवढंच हवं असतं की कुणीतरी मुलीला खोलीतून मंडपात आणावं, अंतरपाटाशी उभं करावं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहावं. ही कामं जो करेल तो मामा. म्हणून तर एखाद्या मुलीला मामा नसला तरी लग्न अडत नाही.

"म्हणजे कोणीबी?" तिनं विचारलं.

"कामं पुरी करणारा कुणीही," मी म्हटलं. वर हेही सांगितलं की महाराजांनी हाक मारली आणि त्या जागेवर कुणाला नेमलंच नसेल, तर प्रोग्राम मोडून पडत नाही. हाक नुसती हवेत जाते. आणि हेही की कोडमध्ये दुसरा रस्ता वारशाचा असतो. त्यात आईबापाच्या क्लासमधलं सगळं मुलाच्या क्लासमध्ये आपोआप उतरतं, त्यासाठी त्याला काडी हलवावी लागत नाही. प्रोटोकॉलमध्ये अंगात काही उतरत नाही. एकेक काम स्वतः लिहून दाखवावं लागतं, आणि एक जरी राहिलं तरी कोड तपासणारा कंपायलर दारातच अडवतो. तिनं हे सगळं लक्ष देऊन ऐकलं. ती नेहमीच लक्ष देऊन ऐकायची.

तिचा प्रोजेक्ट उत्तम झाला. पुढे ती मेसेजची सेवा खरंच बंद पडली, तेव्हा तिनं व्हॉट्सॲपवाला आणून त्या जागी बसवला आणि पावतीच्या क्लासला बोटही लावावं लागलं नाही. तिनं मला आनंदानं फोन केला. मी तो मामाचा दाखला ऑफिसच्या कॉलवरही सांगितला, नव्या पोरांना सांगितला, सगळ्यांना आवडला.

आणि मग एका रविवारी ती बोलता बोलता म्हणाली की काल पाऊस होता म्हणून मामानं पुसदहून आणलं.

मी विचारलं, "कोणत्या मामानं?"

ती गडबडली. मग म्हणाली, "दुकानवाल्या." काकाचा मामा कधी झाला ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मी धडा पुढे चालू केला, पण त्या दिवशी मी काय शिकवलं ते मला आठवत नाही.

माझे वडील दिग्रसला तहसील कार्यालयात कारकून होते. त्यांचं एक आवडतं वाक्य होतं: कुणावाचून कुणाचं अडत नाही. साहेबाची बदली झाली की ते म्हणायचे, टेबलाला काय त्याचं, टेबल चालतं. निवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार घालून, शाल आणि नारळ घेऊन घरी आले आणि पायरीवर बसून तेच वाक्य म्हणाले. आम्ही हसलो. मी आज जे काम करतो ते नीट बघितलं तर वडिलांच्या त्या वाक्याचंच आहे. कुणावाचून कुणाचं अडू नये अशी बांधणी करायची, एक काढून दुसरा बसवला तरी गाडा चालला पाहिजे, याचा मला पगार मिळतो. दिवसभर मी दुसऱ्यांच्या गाठी सैल करतो. आणि संध्याकाळी खुर्चीतून उठताना वाटतं, आपली एखादी तरी गाठ अशी असावी की ती सोडली तर समोरच्याचं सगळं बंद पडावं. महागावात माझ्यावाचून एक दिवस तरी अडावं. पण तिथे सगळं सुरळीत चालू होतं.

भाचीचं लग्न ठरलं. मुलगा बाभुळगावचा, चांगला, हसरा. ताईचा फोन आला. तारीख, कार्यालय, पत्रिका सगळं सांगून झाल्यावर ती जरा थांबली, आणि मी ओळखलं.

ती म्हणाली, "मंडपात आणाले कोण जाईल, ते पोरीवर सोडलं आम्ही. तुले वाईट तं नाही वाटत न?"

मी म्हटलं, छे, वाईट काय वाटायचं. फोन ठेवून मी गच्चीवर गेलो आणि वाळत घातलेले कपडे ओलेच काढून खाली आणले.

मामानं द्यायची पिवळी साडी, अष्टपुत्री, मी स्वतः जाऊन घेतली. यवतमाळच्या मेनलाइन बाजारात दुकानदारानं ढीग मांडला आणि मला एकही पसंत पडेना. खरं तर मला दुसरीच काळजी खात होती. त्यानंही एक घेतली असली तर? आणि ती जास्त चांगली असली तर? बायको म्हणाली, मग काय, एक लग्नात नेसेल, एक नंतर. तिला या गोष्टीतलं गांभीर्य कधीच कळलं नाही. महागावला पोचल्यावर मी आधी ताईला विचारलं. ती म्हणाली, नाही आणली त्यानं. म्हणाला, ते भाऊचं काम आहे.

आता हा माणूस बघा. साडी आणली असती तर मला भांडता आलं असतं. पाट सोडतो, साडी सोडतो, वर 'भाऊ' म्हणतो. अशा माणसाशी उघड वैरही करता येत नाही, नुसतं आतल्या आत शिजत बसावं लागतं.

लग्नाच्या आदल्या दुपारी हळद झाली. बायका जेवायला बसल्या तेव्हा भाची आतल्या खोलीत एकटी सापडली. हातापायांना हळद, मांडीवर माझा जुना लॅपटॉप. सासरच्या कुणालातरी तिचं ॲप दाखवायचं होतं म्हणून चार्ज करत होती. मी तिला साडी दिली. तिनं ती हळदीच्या हातांनी धरली नाही, दंडावर घेतली आणि गालाला लावली. मला राहवलं नाही. मी विचारलं की उद्या तुला आणायला कोण येणार. आणि नको ते पुढे बोलून गेलो. म्हटलं, तपासणीपुरता खोटा बसवतात, पण खरा हजर असताना कुणी खोट्याला जागेवर ठेवतं का?

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं लॅपटॉप बाजूला ठेवला.

म्हणाली, "मामा, तुम्ही जन्मात माह्यासाठी काहीच नसतं केलं, तरी माहे मामाच राह्यले असते. त्यायचं तसं नाही. त्यायले दरवेळी मामा व्हा लागलं."

बाहेर पंगतीत कुणीतरी वरण मागत होतं. मग ती म्हणाली की तिनं कुणालाच काही सांगितलेलं नाही, त्यांनाही नाही, आणि उद्याचं मीच ठरवावं. माझेच शब्द तिनं मला परत दिले होते, आणि मी शिकवलं होतं त्यापेक्षा नीट समजून दिले होते. शिक्षकाला याचा आनंद व्हायला हवा. मला फक्त एवढंच कळलं की तिच्या तोंडून 'दरवेळी' हा शब्द मी माझ्यासाठी कधी ऐकणार नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यालय भरलं. मी नवा सदरा घालून पुढच्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेला बसलो होतो. फेटा बांधून घेतला होता. मी काय ठरवलं होतं? काही नाही. म्हणजे ठरवलं होतं की हाक आली की उठायचं आणि जायचं. माझा हक्क आहे, जन्माचा आहे, त्यासाठी मला कुणाला विचारायचं नाही. तो मला कुठे दिसत नव्हता. मग दिसला, पार मागे, शेतकऱ्यांच्या घोळक्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, साध्या शर्टात. त्यानं फेटा बांधला नव्हता.

नवरदेव पाटावर उभा राहिला. अंतरपाट धरला गेला. महाराजांनी माइक तोंडाजवळ घेतला आणि म्हणाले, "मुलीच्या मामाला बोलवा. मुलीला घेऊन या."

मी उठलो नाही.

का ते मला नक्की सांगता येणार नाही. गुडघे तयार होते. मी वळून मागे बघितलं. तोही उठला नव्हता. खुर्चीच्या कडेवर आला होता आणि माझ्याकडे बघत होता, मी उठायची वाट बघत. हाक गेली आणि कुणीच उठलं नाही. महाराजांनी पुन्हा तेच म्हटलं, जरा चढ्या आवाजात. वाजंत्रीवाले थांबले. बायका माना वळवू लागल्या. भाऊजी स्टेजवरून माझ्याकडे बघत हात करत होते.

आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. इतकी वर्षं जे हवं होतं ते समोर घडत होतं. भरला मांडव, मुहूर्त जातोय, आणि माझ्यावाचून अडलंय. मी ते क्षणभर डोळे भरून बघून घेतलं.

मग खोलीचं दार उघडलं. भाची दारात येऊन उभी राहिली, मी घेतलेली पिवळी साडी नेसून, मुंडावळ्या बांधून. फार छान दिसत होती. ती गर्दीत कुणालातरी शोधत होती. मी अगदी समोर होतो, फेट्यासकट, चुकून न दिसण्यासारखा नव्हतो. तिची नजर माझ्यावरून पुढे गेली, मागच्या खुर्च्यांकडे. माझी तिला खात्री होती. तिला धास्ती होती ती तो येतो की नाही याची.

मी उठलो आणि दाराकडे न जाता मधल्या वाटेनं उलटा मागे गेलो. लोकांना वाटलं मी रुसून चाललो. एका म्हातारबुवांनी तर माझी बाही धरली. मी दुकानवाल्याच्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिलो.

तो हळूच म्हणाला, "भाऊ, तुम्ही असतानी मी कसा येऊ?"

"मामा, उठा," मी म्हटलं. "पोरगी थांबली हाय."

त्याला मामा म्हणताना जीभ चांगलीच जड झाली होती. तो उठला. मी त्याचा हात धरून त्याला पुढे आणलं. हात घामानं चिंब होता, आणि मला त्याचाही राग आला, कारण त्या क्षणी घाम यायचा तो माझ्या हाताला यायला हवा होता. दाराशी मी माझा फेटा काढून त्याच्या डोक्यावर ठेवला. तो त्याला लहान झाला आणि दोन पावलांत घसरून त्याच्या खांद्यावर आला. त्यानं तो तसाच काखेत धरला, भाचीला अंतरपाटाशी आणलं, तिच्या पाठीमागे उभा राहिला आणि रडायला लागला. मोठ्यानं, हसतो तसाच.

मला कुठे उभं राहायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. मी स्पीकरच्या शेजारी, त्याच्या थोडा मागे जागा धरली. तिथून मला भाची दिसत नव्हती. त्याचं टक्कल दिसत होतं, दिव्याखाली चमकणारं. मंगलाष्टकं सुरू झाली. सावधान म्हटलं की सगळ्यांनी अक्षता टाकल्या, मीही टाकल्या. पुढच्या सावधानला मी मूठभर अक्षता नेम धरून त्या टकलावर मारल्या. त्याच्या पुढच्या सावधानलाही. तांदूळ बसताना बारीक टपटप आवाज येत होता आणि मला फार समाधान वाटत होतं.

शेवटच्या सावधानला मी जरा जास्तच जोरात मारल्या. त्यानं मागे वळून बघितलं. डोळे लाल झालेले, भुवयांवर तांदूळ. त्याला वाटलं मी त्यालाही आशीर्वाद देतोय. त्यानं काखेतला फेटा सावरला आणि मला दोन्ही हात जोडले.